सात घरांतील एक घर

(सातिवली येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मांजर आपली पिल्ले सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात. माळ्यावरच्या अडगळीत व्यालेली मांजरी दोन-चार दिवसांनी तेथून नाहीशी होते. मग ती शेजारच्या पडवीत सापडते, पुढे गोठ्यातल्या पेंढ्यात, त्यानंतर आणखी कोणाच्या तरी लाकडांच्या राशीमागे. तिला सात घरे मिळत, कारण वस्तीत तशा जागा होत्या. आज वसई स्थानकाकडून सातिवलीकडे येताना मी रस्त्याच्या दोन्ही बाजू पाहत आलो. गाळ्यामागून गाळे, पत्र्याच्या शेडी, लोखंडी फाटके, मालाने भरलेले टेम्पो. पलीकडे तुंगारेश्वरचा डोंगर आहे तसाच आहे. पण पडवी, माळा आणि गोठा मात्र उरलेला नाही. मांजरीची सात घरे गेली, आणि कुत्रीचा पेंढाही गेला.

भटक्या कुत्र्या-मांजरांसाठी स्वयंसेवा आणि त्यांचा तात्पुरता सांभाळ, हा आजचा विषय. तो जाहीर झाला तेव्हा दोन-तीन चेहऱ्यांवर स्मित उमटले, ते माझ्या नजरेतून सुटले नाही. माणसांचे प्रश्न संपले की काय, असा त्या स्मिताचा अर्थ असावा. तो गैर आहे असे मी म्हणणार नाही. म्हणून सुरुवात माणसांपासूनच करतो.

रेबीज, ज्याला आपण पिसाळण्याचा रोग म्हणतो, त्याची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी बहुधा वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात या रोगाने दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे दगावतात, त्यांपैकी सुमारे ३६ टक्के भारतात. मृतांत दर दहांपैकी चार पंधरा वर्षांखालील मुले असतात. माणसाला होणाऱ्या या रोगाचे मूळ ९९ टक्के प्रसंगी कुत्र्याचा चावा हेच असते. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री मोजली गेली. महाराष्ट्रात ती १२ लाख ७६ हजारांच्या घरात होती. तेव्हा रस्त्यावरच्या पिल्लाचे काय होते हा प्रश्न, आपली इच्छा असो वा नसो, शाळेच्या वाटेवरच्या मुलापर्यंत येऊन पोचतो.

या प्रश्नाकडे माझे लक्ष वेधले ते येथील एका पहारेकऱ्याने. मूळचे उत्तर प्रदेशातील हे गृहस्थ एका गाळ्यावर रात्रपाळी करतात. फाटकाशी एक कुत्री व्यायली होती. पाच पिल्ले होती. त्यांपैकी दोन टेम्पोखाली गेली. मी सहज विचारले, "काका, खायला कोण घालतं यांना?" ते म्हणाले, "साहेब, रोटी मी घालतो. रोटीची कमी नाही. पण पिल्लं ठेवू कुठे? गाळ्यात ठेवायची परवानगी नाही."

रोटीची कमी नाही, हे वाक्य मी पुष्कळ दिवस मनात घोळवीत होतो. ते आपल्या समाजाचे अचूक वर्णन आहे. वैश्वदेवात श्वानाचा वाटा काढून ठेवणारे आपण. दत्तमहाराजांच्या पायाशी चार श्वान पाहत आपण लहानाचे मोठे झालो. तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला कावडीतले गंगाजल पाजणाऱ्या नाथांची कथा प्रत्येक शिक्षकाने वर्गात सांगितलेली आहे. दयेचा तुटवडा आपल्याकडे कधी नव्हता. कमी आहे ती जागेची, आणि तीही कायमची नव्हे, केवळ काही आठवड्यांची.

मराठीत दोन क्रियापदे आहेत, पाळणे आणि सांभाळणे. पाळणे म्हणजे जनावर आपले करणे, ते आहे तोवर त्याचा भार उचलणे. सांभाळणे म्हणजे दुसऱ्याची ठेव काही काळ जपणे. शहरातील प्राणिमित्र ज्याला फॉस्टर म्हणतात तो हा सांभाळ होय. दूध तुटेपर्यंत, जखम भरेपर्यंत, शस्त्रक्रियेनंतर टाके सुकेपर्यंत, किंवा कायमचे घर मिळेपर्यंत एखाद्या जिवाला आपल्या घरात चार-सहा आठवडे आसरा द्यायचा आणि नंतर तो सोडून द्यायचा. हे सोडून देणे अनेकांना जड जाते. त्यामुळे ज्यांचा जीव लवकर गुंततो त्यांनी प्रथम दुसरे काम घ्यावे. कामे पुष्कळ आहेत, त्यांकडे मी नंतर येतो.

येथे कोणी म्हणेल की शासनाने किंवा महापालिकेने मोठे आश्रयस्थान बांधावे, म्हणजे घरोघर हा खटाटोप नको. आपल्या मुंबईने हा प्रयोग फार पूर्वी केला आहे. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईच्या कोट भागात दंगल उसळली. कुत्री मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे सरकारी बक्षीस मिळे, आणि त्या लोभाने घराच्या ओट्यावरून पाळीव कुत्रीही ओढून नेली जाऊ लागली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला. पुढे १८३४ मध्ये सर जमशेटजी जिजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांनी भुलेश्वरची पांजरपोळ उभी केली, ती प्रथमतः अशाच मारल्या जाणाऱ्या जनावरांसाठी. ती संस्था आजही उभी आहे, पण तिची ओळख आता मुख्यतः गोशाळा अशीच आहे. त्या दानशूर पुरुषांविषयी मनात आदर ठेवूनच एक गोष्ट नमूद करतो. भिंती बांधून कुत्र्यांचा प्रश्न सुटत असता तर मुंबईत तो १८३४ मध्येच सुटला असता. उलट कुत्री मारण्याचे काम त्या शहरात पुढे दीडशेहून अधिक वर्षे चालू राहिले, आणि त्यानेही संख्या आटोक्यात आली नाही.

मोठ्या आश्रयस्थानाला आणखी एक अडचण आहे, ती पशुवैद्य सांगतील. चाळीस पिल्ले एका छताखाली ठेवली की एकाचा रोग चाळीसांना होतो. कुत्र्यांतील पार्व्हो व डिस्टेंपर हे रोग लस न टोचलेल्या पिल्लांची वेतेच्या वेते नेतात. पार्व्होचा विषाणू तर जमिनीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो. या वयाच्या पिल्लाला सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे जेथे दुसरी अनोळखी पिल्ले नाहीत असे घर. तेथे आणखी एक लाभ होतो. कुत्र्याच्या पिल्लाचा सुमारे तीन ते चौदा आठवड्यांचा काळ, आणि मांजराचा त्याहूनही अलीकडचा, दोन ते सात आठवड्यांचा, हा माणसाची ओळख होण्याचा असतो. या काळात ज्याला माणसाचा हात प्रेमाने लागला ते जनावर सहसा भेदरट होत नाही. आणि कुत्रा भीतीपोटी फार वेळा चावतो. म्हणजे सहा आठवड्यांचा सांभाळ ही पुढच्या दहा वर्षांच्या शांततेची तजवीज असते.

आता कायद्याविषयी थोडक्यात. श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत चिकाटीने पाठपुरावा केल्यानंतर १९६० मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम झाला. पाळलेले जनावर वाऱ्यावर सोडून देणे हाही त्यानुसार अपराध आहे. सुटीवर जाताना किंवा बदली झाली म्हणून कुत्रा महामार्गावर सोडणाऱ्या सुशिक्षितांना हे ठाऊक नसते. कुत्र्यांच्या संततिनियमनाचे नियम २००१ मध्ये आले, आणि त्यांच्या जागी २०२३ मध्ये नवे नियम लागू झाले. पकडणे, निर्बीजीकरण, रेबीजची लस आणि पुन्हा मूळ जागी सोडणे हे त्यांचे सूत्र आहे, आणि ही जबाबदारी स्थानिक संस्थेवर आहे. पंचायत सदस्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण स्थानिक संस्थांत ग्रामपंचायतही येते.

२०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने या विषयात दोन महत्त्वाचे आदेश दिले. २२ ऑगस्टच्या आदेशात निर्बीजीकरण व लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडावीत, मात्र रेबीजग्रस्त वा आक्रमक कुत्री सोडू नयेत, खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा असाव्यात आणि इच्छुकांना कुत्री दत्तक घेता यावीत, असे सांगितले. ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांतील कुत्री उचलून आश्रयस्थानी ठेवावीत, ती पुन्हा त्याच जागी सोडू नयेत, असे बंधन घातले. या प्रकरणात आदेश वेळोवेळी होत असतात. म्हणून प्रत्यक्ष कारवाईपूर्वी ताजा आदेश आपल्या विधी शाखेकडून पाहून घ्यावा. परंतु एक गोष्ट उघड आहे. शाळेच्या आवारातून उचललेली कुत्री जेथे जायची ती जागा आधीच अपुरी आहे. तेथून पिल्ले, बाळंत कुत्री आणि आजारी जनावरे घरोघरी सांभाळायला गेली, तरच मोठ्या कुत्र्यांसाठी चार पिंजरे मोकळे होतील. तसे न झाल्यास मुख्याध्यापकांनी पत्र पाठवावे, कार्यालयाने त्यावर 'जागा उपलब्ध नाही' असा शेरा मारावा, आणि कुत्री व्हरांड्यातच बसून राहावीत, हे ठरलेले आहे. शासकीय सेवेत इतकी वर्षे काढल्यावर हे बोलण्याचा अधिकार मला असावा.

सांभाळ कसा करावा, हे सांगताना माझ्या हातून घडलेली एक चूक प्रथम सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी कार्यालयाच्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत मला मांजराची चार पिल्ले दिसली. आई जवळ नव्हती. पोरकी समजून मी ती खोक्यात घालून घरी नेली आणि वाटीत कोमट गाईचे दूध पुढे ठेवले. त्यांचे डोळेही अजून उघडले नव्हते. चमच्याने दूध घातले. त्यांना हगवण लागली. तिसऱ्या दिवसापर्यंत चारांपैकी तीन गेली. दुसऱ्या दिवशी शिपायाने सांगितले होते की एक मांजरी रात्रभर त्या खोलीच्या दाराशी ओरडत होती. आई भक्ष्य शोधायला गेली होती, एवढेच. मी चार तास दूर उभा राहून वाट पाहिली असती तर ती परत आलेली दिसली असती.

म्हणून पहिला नियम असा की पिल्लू दिसताच उचलू नये. ते रस्त्याच्या मध्यात, पाण्यात किंवा जखमी नसेल तर दुरून पाहावे. आई काही तासांत आली नाही, अंग गार पडले, पिल्ले सतत ओरडू लागली, तरच हात घालावा. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यावी, दूध नंतर. थंड शरीरात दूध पचत नाही. गाई-म्हशीचे दूध अशा पिल्लांना मानवत नाही. त्यांच्यासाठी वेगळी दूधभुकटी मिळते, ती पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावी. पिल्लाला माणसाच्या बाळासारखे उताणे धरून पाजू नये. दूध फुप्फुसात जाते. ते पोटावर टेकलेले असावे, जसे आईपाशी असते. पहिले काही आठवडे पिल्लू आपण होऊन मलमूत्र विसर्जन करू शकत नाही. आई चाटते तेव्हा ते होते. ते काम दर वेळी दूध पाजल्यावर ओल्या कापसाच्या बोळ्याने करावे लागते. सुरुवातीला हे दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा करायचे असते. भीती घालण्यासाठी मी हे सांगत नाही, पण लपवूनही ठेवत नाही. नवख्याने इतकी लहान पिल्ले घेऊ नयेत. महिनाभराची, आपले आपण खाणारी पिल्ले घ्यावीत, किंवा आईसकट घ्यावीत. मग निम्म्याहून अधिक काम आई करते, आणि ते आपल्यापेक्षा चांगले करते.

नव्या जिवाला निदान दोन आठवडे घरातल्या इतर जनावरांपासून वेगळे ठेवावे. जंताचे औषध, सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास पहिली लस, तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस, हे वेळापत्रक पशुवैद्यकीय अधिकारी लिहून देतील. ते भिंतीवर लावावे. नियमित सांभाळ करणाऱ्यांनी स्वतःही रेबीजची प्रतिबंधक लस आधीच टोचून घ्यावी. पिल्लू आहे म्हणून त्याच्या चाव्याकडे दुर्लक्ष करू नये. चावा लहान असो वा मोठा, जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, तिला हळद, चुना, तिखट काही लावू नये, आणि सरकारी दवाखाना गाठून सर्व मात्रा पुऱ्या कराव्यात. शिक्षकांना येथे एक विनंती आहे. मुलाला कुत्रा चावला तर पुष्कळदा ते मार बसेल म्हणून घरी सांगत नाही. 'सांगितलेस तर कोणी रागावणार नाही', एवढे वाक्य वर्गात दर महिन्याला उच्चारले जावे.

ज्यांच्या घरी जागा नाही त्यांनी काय करावे? आपल्याकडे कुत्र्यांच्या माजाचा मुख्य काळ भाद्रपदाच्या सुमारास असतो, हे खेड्यातील माणसाला सांगावे लागत नाही. गाभणकाळ सुमारे दोन महिन्यांचा. म्हणजे दिवाळीच्या आगेमागे आणि पुढे थंडीत पिल्ले रस्त्यावर दिसू लागतात. तेव्हा वस्तीतील माद्यांची यादी उन्हाळ्यातच तयार करून ती निर्बीजीकरण करणाऱ्या यंत्रणेला देणे, हे पावसाळ्यानंतर हळहळण्यापेक्षा मोलाचे काम आहे. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच केलेली असते. त्यावरून कोण राहिले ते दुरूनही ओळखता येते. खाऊ घालणारी माणसे येथे सर्वांत उपयोगी पडतात, कारण कुत्री त्यांच्याच हाती लागतात. त्यांना हुसकावण्यापेक्षा जागा व वेळ ठरवून द्यावी, मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून व येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर, आणि उरलेले अन्न उचलण्याची अट घालावी. २०२३ च्या नियमांतही हेच अपेक्षित आहे. उघड्यावरचा कचरा कमी झाला तर डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीचा आणखी एक फायदा होईल. कुत्र्यांमागे बिबट्या येतो, आणि २०२४ मध्ये तर तो थेट वसई किल्ल्याच्या परिसरात येऊन राहिला होता. याखेरीज आजारी जनावर रिक्षातून दवाखान्यात नेणे, औषधांचा खर्च वाटून घेणे, दत्तक घेऊ इच्छिणाऱ्याचे घर आधी पाहून येणे, ही सारी स्वयंसेवाच आहे.

हे सर्व स्वप्नरंजन आहे असे कोणास वाटेल, म्हणून शेजारच्या राज्याचे उदाहरण देतो. गोव्यात राज्य शासन, पशुसंवर्धन खाते आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी घरोघर व गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांना लस टोचण्याची मोहीम सातत्याने चालविली, शाळांतून मुलांना शिकविले, आणि २०१८ पासून पुढची कित्येक वर्षे तेथे माणसाचा रेबीजने एकही मृत्यू नोंदला गेला नाही. वस्तीतल्या दहांपैकी सात कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हे त्यामागचे शास्त्र. परंतु लस टोचणाऱ्याच्या हाती येईल असे माणसाळलेले कुत्रे तयार होते ते कोणीतरी लहानपणी सांभाळल्यामुळेच.

आता त्या पहारेकरी काकांच्या तीन पिल्लांचे काय झाले, ते सांगतो. ती आम्ही घरी आणली. पत्नी प्रथम राजी नव्हती. आईने तर 'आधी बदलीचा हुकूम येऊ दे, मग कुत्री पाळ' असे सुनावले. न्हाणीघराशेजारची मोकळी जागा त्यांना दिली. माहिती खात्यातील माणसाच्या घरी जुन्या वर्तमानपत्रांची वाण नसते, त्यामुळे अंथरुणाचा प्रश्न आला नाही. नवव्या दिवशी एकाला पार्व्हो झाला. सलाइन लावूनही ते वाचले नाही. बहुधा ते रोग घेऊनच आले असावे. उरलेली दोन तगली. त्यांतला नर एका परिचितांच्या घरी कायमचा गेला. मादीला घर मिळाले नाही. भुंकते, काळी आहे आणि मादी आहे, ही तीन कारणे आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकली. अखेर लस व योग्य वेळी शस्त्रक्रिया करून तिला, तिच्या आईचीही शस्त्रक्रिया झाल्यावर, त्याच गाळ्याच्या फाटकाशी सोडले. काकांनी तिला ओळखले नाही, पण तिने त्यांना ओळखले असे मला वाटते. त्या फाटकाशी त्यानंतर पिल्ले झालेली नाहीत.

आमच्या घरी पार्व्हो होऊन गेल्यामुळे सहा महिने आम्ही कुत्र्याचे नवे पिल्लू घेतले नाही. सध्या एक मांजरी आहे, तिच्या दोन पिल्लांसह.

दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. तिच्यात चार रकाने आहेत: नाव, गाव, काय सांभाळू शकाल आणि किती आठवडे. तिसऱ्या रकान्यात 'काही नाही, पण रिक्षाभाडे देईन' असे लिहिले तरी चालेल. माझ्या भाषणापूर्वी तिच्यात दोन नावे होती. त्यांतले एक माझ्या पत्नीचे आहे.